जंगलकाठच्या बागायतीत पिंजऱ्यांच्या साहाय्याने उंदरांची पाहणी

कोकणातील पुष्कळ गावांत रान कोठे संपते आणि बाग कोठे सुरू होते, हे सांगणे कठीण असते. डोंगराच्या उतारावर रान, त्याच्या पायथ्याशी काजूची लागवड, खाली माड-पोफळीची बाग, बागेला लागून घर व गोठा आणि पुढे भातखाचरे, अशी सलग रचना सिंधुदुर्ग, रत्नागिरी व गोव्यात सर्वत्र दिसते. अशा ठिकाणी माडाखाली पोखरलेली कोवळी फळे पडू लागली किंवा भाताची ताटे कुरतडलेली दिसली की, उंदीर रानातून येतात, असा निष्कर्ष बहुधा विचार न करताच काढला जातो. मग कोणी रानाच्या कडेला विषारी आमिष टाकतो, तर कोणी तेथील गवताला आग लावतो. पैसा खर्च होतो, श्रम होतात, रानाची हानी होते. आणि पुढील महिन्यात पोखरलेली फळे पूर्वीइतकीच पडत राहतात.

याचे कारण असे की, उपाय योजण्यापूर्वी तीन प्रश्नांची उत्तरे मिळविलेली नसतात. नुकसान करणारा प्राणी कोणता? तो राहतो कोठे? त्याची संख्या साधारण किती? ही उत्तरे मिळविण्याचे साधे व स्वस्त साधन म्हणजे जिवंत पकडणारा पिंजरा होय. पिंजरा हे उंदीर मारण्याचे साधन आहे, अशी सर्वसाधारण समजूत आहे. प्रस्तुत पाठात त्याचा विचार माहिती गोळा करण्याचे साधन म्हणून केला आहे.

पाहणीची पूर्वपीठिका

रानातील लहान प्राणी पकडून त्यांची पद्धतशीर नोंद करण्याची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९११ मध्ये भारतातील सस्तन प्राण्यांची पाहणी सुरू केली आणि तिचा पहिला अहवाल खानदेशासंबंधी होता. संस्थेचे त्या वेळचे मानद सचिव डब्ल्यू. एस. मिलार्ड यांचे नाव शेतात आढळणाऱ्या मऊ केसांच्या उंदराच्या प्रजातीस दिलेले असून शास्त्रात ती मिलार्डिया या नावाने ओळखली जाते.

अशा पाहणीचा माणसाच्या आरोग्याशी किती निकट संबंध असतो, हे १९५७ मध्ये दिसून आले. त्या वर्षी तेव्हाच्या म्हैसूर राज्यातील शिमोगा जिल्ह्यात, क्यासनूर रानाच्या परिसरात माकडे मरू लागली आणि रानात जाणाऱ्या माणसांना तीव्र ताप येऊ लागला. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने, या रोगाचा शोध घेतला. त्या परिसरात पिंजरे लावून पकडलेल्या रानउंदरांत, पांढऱ्या शेपटीच्या उंदरांत व चिचुंद्र्यांत या रोगाचा विषाणू आढळला. हा रोग गोचिडांच्या चाव्याने पसरतो आणि गोचिडांची लहान पिले अशा प्राण्यांच्या रक्तावर पोसतात. २०१५ मध्ये गोव्यातील सत्तरी तालुक्यात आणि २०१६ मध्ये सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुक्यात हाच रोग माकडताप या नावाने परिचित झाला. काजू गोळा करण्यासाठी किंवा पालापाचोळा आणण्यासाठी रानात जाणाऱ्या कुटुंबांना त्याचा धोका अधिक असतो. जंगलकाठच्या उंदरांविषयीची माहिती म्हणूनच पिकाइतकीच माणसाच्याही हिताची आहे.

सामान्यतः आढळणारे प्राणी

पिंजऱ्यात सापडणारा प्रत्येक प्राणी पिकाचा शत्रू नसतो. ग्रामकार्यकर्त्याने पुढील प्राणी ओळखावयास शिकावे.

१. काळा उंदीर. शेपटी डोके व धड यांच्या एकत्रित लांबीपेक्षा अधिक लांब असते. अंग सडपातळ, कान मोठे. हा झाडावर सहज चढतो, माडाच्या शेंड्यात घरटे करतो आणि कोवळ्या नारळास देठाजवळ भोक पाडतो. घरातील माळ्यावर राहणाराही बहुधा हाच.

२. घूस. अंग जाड, तोंड आखूड, शेपटी अंगापेक्षा आखूड. ही बिळात राहते, बिळाच्या तोंडाशी मातीचा ढीग करते आणि भाताची कणसे बिळात साठविते. खाचरांचे बांध, उडवी व गोठ्याची जमीन ही तिची आवडती ठिकाणे होत.

३. लहान शेतउंदीर. वजन सुमारे १० ग्रॅम. बांधावरील लहान बिळात राहतो.

४. पांढऱ्या शेपटीचा रानउंदीर. शेपटी लांब व तिचा टोकाकडील भाग पांढरा. रानात, खडकांच्या आश्रयाने व झाडांवर आढळतो.

५. चिचुंद्री. लांब निमुळते तोंड, बारीक डोळे व उग्र वास यांवरून सहज ओळखू येते. ही उंदरांच्या वर्गातील नव्हे. किडे हे तिचे मुख्य खाद्य असल्याने तिची नोंद वेगळी ठेवावी.

परवानगी व सहकार्य

आपल्या घरात, बागेत व शेतात पिंजरे लावणे निराळे आणि रानात लावणे निराळे. राखीव वनात पाहणी करावयाची असल्यास वनखात्याची लेखी परवानगी आधी घेतली पाहिजे. अभयारण्यात तर वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये परवानगीवाचून कोणताही प्राणी पकडता येत नाही. पूर्वी या अधिनियमाच्या पाचव्या अनुसूचीत उंदरांची गणना उपद्रवी प्राण्यांत होत असे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर ती अनुसूची उरलेली नाही. सबब, उंदीरच तर आहेत, असे म्हणून रानात पिंजरे नेऊ नयेत. तारेचे फासे तर कोठेही लावू नयेत. त्यांत अडकलेला प्राणी कोणता असेल, याचा भरवसा नसतो.

गावातील जाणत्या माणसांचे साह्य अवश्य घ्यावे. रायगड भागातील कातकरी समाजात बिळे, पायवाटा व विष्ठा यांवरून उंदराची जात सांगणारी अनुभवी माणसे आहेत. अशा माणसांना पाहणीत सहभागी करून घेताना त्यांच्या श्रमाचा योग्य मोबदला द्यावा.

पिंजरे व आमिष

पाहणीसाठी दोन प्रकारचे पिंजरे वापरतात. पहिला बाजारात मिळणारा तारेचा पिंजरा. तो मोठ्या उंदरांस व घुशीस योग्य असतो. दुसरा पत्र्याचा घडीचा पिंजरा. तो शर्मन पिंजरा या नावाने प्रसिद्ध असून लांबी सुमारे २३ सेंटीमीटर व रुंदी सुमारे ८ सेंटीमीटर असते. आतील पट्टीवर प्राण्याचा पाय पडताच दार मिटते. लहान शेतउंदीर तारांच्या फटीतून निसटतो. तो या पिंजऱ्यात अडकतो. दोन्ही प्रकार निम्मेनिम्मे वापरल्यास पाहणी एकांगी होत नाही. मान मोडणारा चाप या कामी वापरू नये.

आमिष म्हणून भाजलेल्या सुक्या खोबऱ्याचा तुकडा उत्तम. भाजल्याने त्याचा वास दूरवर जातो आणि तो कोकणात घरोघरी मिळतो. शेंगदाण्याचे कूट गुळात मळूनही वापरता येते. सर्व पिंजऱ्यांत आमिष एकच व सारख्या प्रमाणात असावे. अन्यथा निरनिराळ्या जागांची तुलना करता येणार नाही.

मांडणी

उंदीर नवीन वस्तूस बिचकतो. म्हणून प्रथम दोन रात्री पिंजऱ्याचे दार बांधून उघडे ठेवावे व आत आमिष घालावे. प्राण्यांना आत-बाहेर जाण्याची सवय झाल्यावर तिसऱ्या रात्रीपासून दार मोकळे सोडून सलग चार रात्री पाहणी करावी.

पिंजऱ्यांच्या चार रांगा कराव्यात. पहिली रानाच्या आत, दुसरी जंगलकाठी, तिसरी बागेत व चौथी घर, गोठा व उडवीच्या भोवती. प्रत्येक रांगेत २० पिंजरे व दोन पिंजऱ्यांत १० मीटर अंतर असावे. घराभोवती जागेप्रमाणे अंतर कमी करण्यास हरकत नाही. प्रत्येक जागेस क्रमांक देऊन झाडास रंगीत चिंधी बांधावी, म्हणजे एकही पिंजरा विसरला जाणार नाही. विसरलेल्या पिंजऱ्यात प्राणी उपासमारीने मरतो.

पिंजरा मोकळ्या जागेत मध्यभागी ठेवू नये. उंदीर आडोशाने चालतो. म्हणून तो बांधाच्या, ओंडक्याच्या किंवा भिंतीच्या कडेला, जमिनीवर पक्का बसवून ठेवावा. बागेतील काही पिंजरे खोडास बांधून उंचीवर ठेवावेत. डोंगळ्यांची रांग जेथून जाते तेथे पिंजरा मुळीच ठेवू नये. अडकलेल्या लहान प्राण्यास मुंग्या पहाटेपर्यंत जिवंत ठेवीत नाहीत. पत्र्याच्या पिंजऱ्यात मूठभर सुके गवत घालावे आणि वर पाने किंवा झावळीचा तुकडा ठेवून सावली करावी.

भर पावसाळ्यात ही पाहणी करू नये. चांदण्या रात्रीही टाळाव्यात. उजेडात उंदीर बिळाबाहेर कमी पडतात आणि संख्या वस्तुतः आहे त्याहून कमी भासते.

पहाटेची फेरी

पिंजरे सायंकाळी लावावेत व उजाडताच तपासावेत. ऊन चढल्यावर पत्र्याचा पिंजरा तापतो आणि आतील प्राणी थोड्याच वेळात मरतो. दिवसभर सर्व पिंजरे मिटून ठेवावेत. पिंजऱ्यात मेलेला प्राणी ही पाहणी करणाराची चूक समजावी व तिचे कारण वहीत लिहून ठेवावे.

प्राणी हाताळताना जाड हातमोजे घालावेत. पिंजऱ्याच्या दाराशी कापडी पिशवीचे तोंड घट्ट धरून प्राण्यास पिशवीत उतरवावे, काट्यावर वजन करावे व पिशवीचे वजन वजा करावे. मग पिशवीवरूनच मानेच्या मागील सैल कातडीस धरून शेपटीची व अंगाची लांबी मोजावी, नर-मादी पाहावी. शेपटीच्या टोकास धरून उचलू नये; कित्येक जातींत तेथील कातडी सोलून निघते. नंतर कात्रीने अंगावरील थोडे केस कापून खूण करावी. रानातील रांगेस डावा खांदा, जंगलकाठास उजवा खांदा, बागेस डावी मांडी, घराभोवतीच्या रांगेस उजवी मांडी, असे ठरवून घ्यावे. हे सर्व काम दोन-तीन मिनिटांत उरकून प्राणी जेथे सापडला तेथेच सोडावा.

हाती आलेला उंदीर सोडून देणे शेतकऱ्यास रुचत नाही, आणि ते स्वाभाविकही आहे. परंतु प्रश्न केवळ चार रात्रींचा आहे. खूण केलेला उंदीर पुन्हा कोठे सापडतो, यावरूनच त्याच्या जाण्यायेण्याची वाट कळते. मारलेला उंदीर ही माहिती देऊ शकत नाही. घरात व धान्याच्या कोठीत सापडलेले उंदीर मात्र सोडण्याचे कारण नाही. नोंद करून त्यांची विल्हेवाट लावावी व खोल पुरावे.

हिशेब

एक पिंजरा एक रात्र लावला म्हणजे एक पिंजरा-रात्र होते. २० पिंजरे चार रात्री लावल्यास ८० पिंजरा-रात्री होतात. सापडलेल्या प्राण्यांच्या संख्येस पिंजरा-रात्रींनी भागून १०० ने गुणले असता शेकडा प्रमाण मिळते. प्राणी न सापडता मिटलेल्या प्रत्येक पिंजऱ्याबद्दल अर्धी पिंजरा-रात्र वजा करावी. एकच प्राणी पुन्हा सापडल्यास तो या हिशेबात दुसऱ्यांदा धरू नये. त्याची नोंद वेगळी करावी.

हिशेब ध्यानात यावा म्हणून एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा, एका गावी चारही रांगांत प्रत्येकी ८० पिंजरा-रात्री झाल्या आणि पुढीलप्रमाणे प्राणी सापडले.

रानाच्या आत: ४ (शेकडा ५). पांढऱ्या शेपटीचे उंदीर २, लहान उंदीर १, काळा उंदीर १.

जंगलकाठ: ८ (शेकडा १०). लहान शेतउंदीर ४, काळे उंदीर ३, पांढऱ्या शेपटीचा उंदीर १.

माड-पोफळीची बाग: २० (शेकडा २५). काळे उंदीर १५, घुशी ४, लहान शेतउंदीर १.

घर, गोठा व उडवी: १६ (शेकडा २०). काळे उंदीर १२, घुशी ४.

बागेत पहिल्या दोन रात्रींत १० काळ्या उंदरांस खूण केली होती. पुढील दोन रात्रींत १० काळे उंदीर सापडले व त्यांपैकी ५ खुणेचे होते. पहिल्या वेळची संख्या व दुसऱ्या वेळची संख्या यांचा गुणाकार करून त्यास खुणेच्या संख्येने भागावे. १० गुणिले १० भागिले ५, म्हणजे २०. याचा अर्थ, त्या जागेत सुमारे २० काळे उंदीर असावेत. ही पद्धत डेन्मार्कचे मत्स्यशास्त्रज्ञ पीटरसन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस माशांसाठी व अमेरिकेचे लिंकन यांनी १९३० मध्ये रानबदकांसाठी वापरली. तिने मिळणारा आकडा हा अंदाज असतो, शिरगणती नव्हे.

या उदाहरणात डाव्या खांद्यावर खूण असलेला, म्हणजे रानाच्या आतील, एकही प्राणी बागेत आढळला नाही असे धरू. मग निष्कर्ष उघड आहे. नारळ पोखरणारा काळा उंदीर बागेत व घराभोवतीच वस्तीस आहे. जंगलकाठी विष टाकले असते, तर निरपराध प्राणी आणि त्यांना खाणारी घुबडे मेली असती आणि माडाच्या शेंड्यातील उंदीर सुखरूप राहिला असता. याउलट, खांद्यावर खूण असलेले काळे उंदीर बागेत वारंवार सापडले, तर जंगलकाठाकडे लक्ष देणे भाग पडेल. पाहणीचा निकाल आपल्या समजुतीविरुद्ध गेला तरी तो स्वीकारण्याची तयारी असावी.

निष्कर्षावरून उपाय

उंदीर माडावर राहतो असे ठरल्यास शेंड्यातील वाळलेल्या झावळ्या व पोयी काढून झाड स्वच्छ ठेवावे. खोडाभोवती जमिनीपासून सुमारे २ मीटर उंचीवर ४० सेंटीमीटर रुंदीचा गुळगुळीत पत्रा बसवावा. मात्र शेजारच्या झाडांच्या झावळ्या एकमेकींस भिडत असतील, तर उंदीर वरूनच ये-जा करतो व पत्रा व्यर्थ जातो. दाट पोफळीच्या बागेत यामुळे पत्र्यापेक्षा सलग पिंजरे लावणेच बरे.

घूस अधिक आढळल्यास बांध अरुंद व स्वच्छ ठेवावेत आणि उडवी जमिनीपासून उंच मांडवावर रचावी. विषारी आमिषाचा उपयोग करावयाचाच झाल्यास तो कृषी अधिकाऱ्याच्या सल्ल्याने, ताज्या वापरातील बिळांत व सर्व शेजाऱ्यांनी एकाच वेळी करावा. एकट्याने केलेला उपाय टिकत नाही. रिकाम्या बिळांत शेजारचे उंदीर येऊन राहतात.

एका वेळच्या पाहणीवरून वर्षाचा निर्णय करू नये. भातकापणीनंतर खाचरांतील उंदीर बाग व घर यांकडे सरकतात. म्हणून कापणीनंतर एकदा व पावसाळ्यापूर्वी एकदा, त्याच जागी पाहणी करावी.

आरोग्यविषयक दक्षता

उंदराच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिस या रोगाचे जंतू ओल्या मातीत व पाण्यात मिसळतात आणि त्वचेवरील जखमेवाटे शरीरात शिरतात. हातापायास जखम असलेल्या माणसाने हे काम करू नये. काम संपल्यावर हात साबणाने धुवावेत. पिंजरे धुऊन उन्हात वाळवावेत.

रानात जाताना पूर्ण बाह्यांचे कपडे व बूट घालावेत आणि आरोग्य खात्याने सुचविलेले गोचीड-प्रतिबंधक तेल लावावे. घरी येताच कपडे गरम पाण्यात भिजवावेत, अंघोळ करावी व अंगावर गोचीड आहे काय ते पाहावे. मेलेले माकड आढळल्यास त्यास हात न लावता वनखात्यास व प्राथमिक आरोग्य केंद्रास कळवावे. पुढील दिवसांत ताप, तीव्र डोकेदुखी किंवा अंगदुखी झाल्यास विलंब न लावता आरोग्य केंद्रात जावे आणि आपण रानात गेलो होतो व उंदीर हाताळले होते, हे डॉक्टरांस आपण होऊन सांगावे. हे एक वाक्य रोगाचे निदान लवकर होण्यास कारणीभूत ठरते.

अभ्यासासाठी प्रश्न

१. आपल्या गावातील माडाखाली पडलेली दहा कोवळी फळे तपासा. भोक देठाजवळ आहे काय? किती फळांत?

२. काळा उंदीर व घूस यांच्या शेपटीत कोणता फरक आहे?

३. १५ पिंजरे चार रात्री लावले. ४ पिंजरे रिकामेच मिटले व ११ प्राणी सापडले. शेकडा प्रमाण काढा.

४. रानात खूण केलेला उंदीर बागेत सापडणे व न सापडणे, यांवरून उपाययोजनेत कोणता बदल करावा लागेल?

ग्रामकार्यकर्त्याने या पाहणीची वही गावात ठेवावी व पुढील वर्षी तीच पुढे चालवावी. दोन-तीन वर्षांच्या नोंदी एका वहीत जमल्या, म्हणजे उंदीर कोठून येतात, या प्रश्नाचे उत्तर त्या गावास अंदाजाने देण्याची गरज राहणार नाही.